पाथरीला न उघडलेला दवाखाना

आमचा भाग हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यात माझं डॉक्टरीचं शिक्षण संपलं होतं आणि मी परभणीजवळच्या झरीला घरी येऊन बसले होते. बसले होते म्हणायचं, पण बसवत नव्हतं. विहिरीपर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा निघायचं. माय म्हणायची, "पायाला भिंगरी बांदलीय का गं?"

मला दोन ठिकाणांहून बोलावणं होतं आणि मी कुणालाच उत्तर दिलं नव्हतं. एक पाथरीहून. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिथल्या एका घराशी माझ्या लग्नाचं बोलणं चालवलं होतं. मंडळी भली होती. सून डॉक्टर म्हणून बाजाराजवळच्या आपल्या जागेत ते तिला दवाखाना बांधून देणार होते. पाथरीत तेव्हा बायांना बघणारी डॉक्टरीण नव्हती. दुसरं बोलावणं हैदराबादहून, आमच्या बाईंचं.

बाई हैदराबादच्याच, मराठी घरातल्या. आमच्या कॉलेजात त्या मनोविकार शिकवायच्या. ती जागा मिळेपर्यंत त्यांनी कित्येक वर्षं बिनपगारी काम केलं होतं. डॉक्टर झालेल्या मुलीनं बाळंतपणं करावीत, शिकवायच्या जागा पुरुषांच्या, असंच सगळे धरून चालत. प्राध्यापकांच्या बैठकीत चहाची किटली आली की सगळे बाईंकडे बघत. बाई आपला कप भरून घेत आणि किटली शेजाऱ्यापुढे सरकवत. हे आम्ही मुली हॉस्टेलात एकमेकींना करून दाखवायचो आणि पोट धरून हसायचो. त्याच बाईंनी भांडून भांडून मुलींसाठी शिकवण्याच्या जागा काढायला लावल्या होत्या. त्यातली एक मी घ्यावी, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला शिकवायचं होतं. एवढं माझं मला माहीत होतं. पण आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच, आणि मोठ्यांपुढे आपलं म्हणणं मांडायचं म्हटलं की माझी जीभ जड व्हायची.

बाई परभणीला तिथल्या डॉक्टरांपुढे बोलायला आल्या आणि दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्याच्या जीपमधून आमच्याकडे येणार म्हणून निरोप आला.

"येड्यांची डाक्टरीण आपल्या घरी कशाला यायलीय? आपल्यात कोण येडं हाय?" काका म्हणाले.

"तुलाच बगायला यायलीय. गप बस," आत्या म्हणाली.

बाई आल्या ही बातमी जीपच्या धुळीआधी गावात पोचली. शेजारची म्हातारी आपल्या सुनेला घेऊन हजर झाली. सून विशीतली, मान खाली. म्हातारीनं सुरुवात केली, "सुगीच्या आदीपासून बोलत न्हाई बगा. खात न्हाई. कामात ध्यान न्हाई."

"आजी, तुम्ही जरा थांबा," बाई म्हणाल्या. "जिचं दुखतं ती आधी बोलेल."

"आवं, ती बोलत न्हाई म्हणूनच तर तुमच्याकडं आणली!"

सगळे हसले. बाईही हसल्या, पण सुनेकडचं लक्ष त्यांनी काढलं नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या. मला ते बसणं सहन होईना. मी पदर चाळवत होते, पायाची बोटं मोजत होते. बऱ्याच वेळानं सून पुटपुटली, "हितं नको. बाहीर."

बाई लगेच उठल्या. दोघी बांधाबांधानं लांबपर्यंत गेल्या. म्हातारी मागं निघाली तर आत्यानं तिचा हात धरून ठेवला. त्या काय बोलल्या ते बाईंनी मलाही सांगितलं नाही. म्हातारीला मात्र बाजूला घेऊन औषध कसं द्यायचं ते समजावलं आणि सुनेला परभणीच्या सरकारी दवाखान्यात दाखवत राहायला सांगितलं.

मग सगळे शेतात हुरड्याला बसले. आबा आगटीतली कणसं काढून हातावर चोळत होते आणि गरम हुरडा बाईंपुढे ठेवत होते. बाई फुंकर मारून खात होत्या. खाता खाता म्हणाल्या, "भाऊ, मी प्रिन्सिपॉलसाहेबांना हो सांगून टाकलंय. पोरगी माझ्या हाताखाली रुजू होतेय."

आबांचे हात थांबले. "आन् मी पाथरीकरांना हो सांगून टाकलंय."

"घ्या!" काका म्हणाले. "दोनीकडून हो. आता पोरीची वाटणी करा."

मी उभी होते. सकाळपासून एका जागी टेकलेच नव्हते. तोंडातून निघून गेलं, "मला कुणी इचारलंच न्हाई."

हॉस्टेलात राहून माझी भाषा बदलली होती; बाईंपुढे मी अशी कधी बोलले नव्हते. आबा आगटीकडे बघू लागले. बाईंचा चेहरा लाल झाला.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "तुला आधी विचारायला हवं होतं. आता सांग."

"मला शिकवायचंय. पण मनोविकार नाही, बाई. शरीररचना. तुमच्यासारखं मला बसता येत नाही. हातात हाड घेतलं, मुलींना दाखवायला लागले की मग माझं मन थाऱ्यावर असतं."

बाईंना लागलं असावं. हातातला हुरडा त्यांनी खाली ठेवला. "तिथं मुडद्याच्या टेबलापाशी अजून बाई शिकवायला उभी राहिलेली नाही. मुलं हसतील."

"हसू देत."

"आणि त्या विभागात माझं कुणी ऐकत नाही." खाली ठेवलेला हुरडा पुन्हा उचलत म्हणाल्या, "बघते. भांडायची सवय आहेच."

जीप गेल्यावर आबांनी विचारलं, "मंग पाथरीला काय सांगू?"

"पोरगी न्हाई म्हणाली म्हणून सांगा."

"‘हो’ मी सांगितलं होतं. ‘न्हाई’ तुझं हाय. तू चल, तूच सांग."

मुलीनं स्वतः जाऊन सोयरिकीला नकार द्यायचा, असं आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. आबा रागानं बोलले की माझ्यावर भरवसा टाकून, हे मला तेव्हा कळलं नाही, आताही कळत नाही.

पाथरीला आम्ही बसनं गेलो. ओसरीवर पुरुषमंडळी होती, मुलाची आई दाराआड. मी कसंबसं सांगितलं. मुलात काही खोट नाही, माणसं चांगली आहेत, पण मला कॉलेजात शिकवायला जायचंय. मग बाई आम्हा मुलींना नेहमी सांगायच्या तेच आपलं म्हणून मांडलं, की मी दवाखाना काढला तर एकच निघेल, शिकवलं तर माझ्या हाताखालून दवाखाने काढणाऱ्या मुली निघतील.

दाराआडून मुलाची आई म्हणाली, "त्या पोरी शिकून येईस्तोवर आमी काय करावं?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच उत्तर हवं होतं. मी आबांकडे बघितलं. ते छपराकडे बघत होते. तिनं आतून चहा पाठवला, आम्ही तो प्यायलो आणि परतीच्या बसला उभे राहिलो.

बाईंनी भांडून मला ती जागा मिळवून दिली. पहिल्या तासाला मुलं हसली, नंतर हाडांची नावं लिहून घेऊ लागली. शिकवताना मला बरं वाटतं. तास संपला की मात्र पुन्हा व्हरांड्यात येरझाऱ्या सुरू होतात. नव्या मुली आल्या की मी त्यांना आधी विचारते, गाव कुठलं. पाथरीकडची अजून कुणी आलेली नाही.