कोपराखालचा तळवा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. सिल्वासाच्या शाळेत मी नववीच्या मुलींना सोबतीण म्हणून तयार करते. ज्यांना बोलता येत नाही, हातपाय ऐकत नाहीत, अशा मुलांशेजारी बसून मदत कशी करायची, ते शिकवते. कोपराला मात्र हात लावायचा नाही, असं बजावते. का, असं विचारलं की विषय बदलते.

वैशाली अशाच न बोलणाऱ्या मुलांतली. धुळ्याकडची, आई जवळच मसाटला कारखान्यात कामाला. तिच्यासमोर चित्रांचा तक्ता ठेवायचा, तिच्या कोपराखाली आपला तळवा धरायचा, तिचं बोट जिथे टेकेल ते तिचं उत्तर — ही युक्ती माझीच. आणि वैशाली ‘बोलू’ लागली! पाणी, पंखा, आई. तिची सोबतीण हेतल हरखली. शिक्षण खात्याचे साहेब लोक बघायला आले, टाळ्या वाजल्या. मी मिरवलं, खोटं कशाला सांगू?

फक्त — बोट चित्रावर टेकायचं, तेव्हा वैशालीचे डोळे तक्त्यावर नसायचेच.

एका दुपारी रिकाम्या वर्गात मी वैशालीला एकटीला पेरू दाखवला. मग हेतलला, वैशालीला दिसणार नाही असा, चेंडू. “काय दाखवलं गं तुला, वैशाली?” हेतलच्या तळव्यावरून बोट सरकत सरकत चेंडूच्या चित्रावर गेलं.

“मॅडम, मी तर काहीच नाही करत, हात आपोआप जातो,” हेतल म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. मग इतके दिवस त्या बोटातून कोण बोलत होतं? मला कळलं होतं — हेतलच, तिच्याही नकळत. तक्ता उचलून ठेवला का मी? नाही. साहेब पुन्हा येणार होते ना.

पुढे वैशालीला लांबच्या वसतिगृहात जागा मिळाली. लेकीला विचारूनच ठरवीन, म्हणत आई शाळेत आली. त्याच सकाळी मी हेतलसमोर बोलून गेले होते — वसतिगृहच बरं पडेल.

तक्त्यावर दोनच चित्रं ठेवली, घर आणि वसतिगृह. हेतलनं तळवा धरला. बोट वसतिगृहावर टेकलं. माझंच वाक्य, तिच्या बोटानं. वैशाली एकटक आईच्या तोंडाकडे बघत होती.

“मॅडम, तिनंच सांगितलं ना?” आईनं विचारलं.

मी “हो” म्हटलं. वैशालीला सगळं ऐकू येतं.