ओढ्यावरची शीळ

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. संगमनेरच्या पश्चिमेला, डोंगराच्या कडेला माझं सासर. सकाळी धुणं घेऊन ओढ्यावर जायचं, तेवढा वेळ काय तो माझा एकटीचा. मे संपत आला आणि करवंदीच्या जाळीतून शीळ यायला लागली. दोनच सूर, एक चढता, एक उतरता.

एकदा सासूबाई मागोमाग आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"कोन हाय त्यो?"

"पक्षी आहे, आत्याबाई. नवरंग. पावसाच्या तोंडावर दक्षिणेतून येतो."

"बरा तू आल्यावरच शिट्टी मारतो! उद्या दाव मला. न्हाई दिसला तर धुणं दारातल्या हापशावर."

माझं पक्षीज्ञान म्हणजे माहेरच्या वाचनालयातल्या पुस्तकातलं एक चित्र. पण ऐट अशी, जणू मीच तो पाळलाय!

दुसऱ्या दिवशी मान वर करून जाळीवर वाकलेल्या जांभळीचं पानन् पान धुंडाळलं. जरा वळले की हातातला हिरवा चुडा किणकिणायचा आणि शीळ बंद. बँडबाजा घेऊन पक्षी बघायला निघालेली विदुषी! बांगड्या उतरवायला गेले तर आत्याबाई कडाडल्या, "मोकळ्या हातानं हिंडतीस? ल्योक जिता हाय माझा!" मग त्यांनीच धुण्यातून लेकाची बनियनं उपसली आणि माझ्या दोन्ही मनगटांना करकचून गुंडाळली.

हात मोडल्यासारखी मी बसले. नजर पुन्हा फांद्यांतच. तेवढ्यात दंडाला चिमटा बसला. आत्याबाईंचं बोट खाली होतं. जाळीच्या बुडाशी वाळका पाला उडत होता. हिरवी पाठ, पिवळसर पोट, डोळ्यावर काळी पट्टी, आखूड शेपटीखाली लालभडक. त्यानं किडा गिळला, मान मागे टाकली आणि तीच शीळ घातली.

आत्याबाई पदर सावरून जाळीकडे वाकल्या. मग कुजबुजल्या, "एवढा नटून आलाय म्हंजी टपोरीच हाय. पर ऱ्हाऊ दे. धू हितंच."

पुढे दरवर्षी शीळ आली, की त्या लेकासमोरच ओरडायच्या, "आला गं तुझा!"

आता त्या नाहीत. ओढ्यावर धुणंही कोणी नेत नाही. शीळ मात्र येते. मग घरात माझी सून तिच्या नवऱ्याची बनियनं शोधत बसते आणि मी जाळीपाशी, मनगटं गुंडाळून, खाली बघत.