दुसरा बिघाड

"सामंत, या विमानात मला एक बिघाड करायचा आहे," हॅरिस म्हणाला. "तुझी काही हरकत?"

मी तेव्हा बहारीनमधल्या मुहर्रकच्या एअरपोर्टवर एअरक्राफ्ट इंजिनियर होतो. माझं काम विमान तपासायचं, दुरुस्त करायचं, आणि ते उडायला लायक आहे अशी माझ्या लायसन्सच्या जोरावर सही करायची. बिघाड काढून घ्यायला लोक माझ्याकडे येत. बिघाड करायला आलेला हा पहिलाच.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. हॅरिस हा साठीतला इंग्रज. ख्रिस्ती मिशनऱ्यांसाठी विमान उडवणारे पायलट तयार करणं हे त्याचं काम. इंग्लंडहून एक लहान, एका इंजिनाचं विमान घेऊन तो पापुआ न्यू गिनीला निघाला होता. मागच्या सीट्स काढून तिथे पेट्रोलची जादा टाकी बसवलेली. वाटेत बहारीन, मग मस्कत, कराची, मुंबई आणि पुढे पूर्वेकडे. सोबत एक शिकाऊ पायलट होता. हा प्रवास म्हणजे त्या मुलाची शेवटची परीक्षा होती.

"कसला बिघाड?" मी विचारलं.

त्याने पुढच्या चाकाकडे बोट दाखवलं. चाकाच्या दांड्यावर कात्रीसारखा एक जोड असतो. त्याचा बोल्ट नटाने धरलेला असतो आणि नट फिरून सैल होऊ नये म्हणून त्यातून एक स्प्लिट पिन घातलेली असते. केसाच्या आकड्यासारखी, तेवढीच.

"ही पिन मी काढणार. उद्या पहाटे निघायचंय. निघायच्या घाईत त्याला ती दिसते का, ते बघायचंय."

"माझ्या सहीने नाही," मी म्हणालो.

"तू सही करूच नकोस. मी काढतो, तू फक्त साक्षीला राहा. पिन माझ्या खिशात असेल. त्याला नाही दिसली तर इंजिन सुरू करायच्या आधी मीच थांबवेन."

मी होकार दिला, पण मनातून मला ते रुचलं नव्हतं. आमच्या धंद्यात विमानाशी खोटं बोलत नाहीत. पण खरं सांगायचं तर कुतूहलही होतं. ही कसली शाळा, जिथे मास्तरच विमान मोडतो?

शिकाऊ मुलाची ओळख त्याच दुपारी झाली. ऑगस्टचा महिना. उन्हात उभ्या असलेल्या विमानाच्या पत्र्यावर आमलेट झालं असतं. तो इंजिनावरचं झाकण उघडायला गेला, हात लागला आणि तोंडातून निघालं, "आई गं, पोळलं की!"

मी हातातला पाना खाली ठेवला. "कुठले हो तुम्ही?"

तोही चमकला. "नगरचा. याकोब पाटोळे."

सावळा, सडपातळ, पंचविशीतला. आई नगरला मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. वडील लहानपणीच गेलेले. मी वेंगुर्ल्याचा. त्या हँगरमध्ये माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. संध्याकाळी मी त्याला सरळ झिंज भागातल्या आमच्या घरी जेवायला घेऊन गेलो.

माझ्या बायकोने, सुलभाने, सुरमईचं कालवण केलं होतं. याकोबने जेवणाआधी डोळे मिटले, ओठ हलवले. आमचा मुलगा तेव्हा इंग्लिश शाळेत जात होता. त्याने लगेच विचारलं, "अंकल, व्हॉट वेअर यू डूइंग?"

"जेवण मिळालं म्हणून थँक्यू म्हणालो."

"टू हूम? मम्मी मेड इट."

"मम्मीलापण म्हणतो," याकोब म्हणाला. "वहिनी, थँक्यू."

सुलभा हसली आणि तिने त्याच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली.

मग मी माझे प्रश्न काढले. मिशनरी पायलट म्हणजे नक्की काय करतो? विमानातून धर्मप्रचार करतो का?

"मीठ वाहतो," याकोब म्हणाला. "औषधं, छपराचे पत्रे, शाळेची पुस्तकं. अडलेली बाई दवाखान्यात पोचवतो. कधी डुकरंपण. तिथे रस्तेच नाहीत साहेब. दोन गावं समोरासमोरच्या डोंगरांवर दिसतात, पण चालत जायला दिवस लागतात. विमान उतरतं ते डोंगराच्या उतारावर. चढाकडे तोंड करून उतरायचं, उताराकडे तोंड करून उडायचं. एकदा दरीत शिरलं की वर जाऊन पुन्हा प्रयत्न करायला जागा नसते."

"आणि बिघडलं तर?"

"तर मीच दुरुस्त करायचं. म्हणून आम्हाला आधी हातात पाना देतात, विमान नंतर. मी दोन वर्षं नुसता मेकॅनिक होतो."

सुलभाने विचारलं, "मुंबईवरून जाणार ना? आईला भेटाल?"

तो जेवता जेवता थांबला. आईने रजा काढली होती. आदल्याच दिवशी ती नगरहून मुंबईला मावशीकडे येऊन राहिली होती. चार वर्षांत भेट नव्हती. विमान मुंबईला उतरलं की ती ते बघायला एअरपोर्टवर येणार होती. विमानाला भारतात शिरायची परवानगी मोजक्याच दिवसांची होती. ती चुकली की नव्याने अर्ज करायचा, आणि उत्तर कधी येईल ते सांगता येत नव्हतं.

त्याला हॉटेलवर सोडताना हॅरिस लॉबीत भेटला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "या मुलाची आई मुंबईत वाट बघतेय, हे तुला माहीत आहे का?"

"माहीत आहे. म्हणूनच उद्याचा दिवस निवडला."

"हे जरा निष्ठुर नाही का?"

"तिकडे त्याच्यासमोर एखादा बाप आजारी पोर हातात घेऊन उभा राहील," हॅरिस म्हणाला. "ढग खाली आलेले असतील. बाप रडेल, पाया पडेल. तेव्हा या मुलाला नाही म्हणावं लागेल. उडायला कोणीही शिकवतं, सामंत. मी नाही म्हणायला शिकवतो."

"आणि प्रार्थना?"

"ती करतोच. प्रार्थना झाल्यावर स्पार्क प्लग तपासायचा नाही, असं मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही."

पहाटे हवा इतकी दमट होती की पंखांवरून पाणी ठिबकत होतं. याकोब विमानाभोवती फिरला. प्रत्येक बिजागरी हाताने हलवून बघितली. टाक्यांच्या तळातून थोडंथोडं पेट्रोल काढून त्यात पाणी नाही ना, ते पाहिलं. मग पुढच्या चाकापाशी गुडघ्यावर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

"सर, पिन नाही," तो म्हणाला. "आपोआप पडलेली नाही. भोकाच्या कडेला ताजा ओरखडा आहे. कोणीतरी काढली आहे."

हॅरिसने खिशातून पिन काढून त्याच्या तळहातावर ठेवली. याकोबने तिच्याकडे पाहिलं, हॅरिसकडे पाहिलं, आणि माझ्याकडून नवी पिन मागून घेतली. जुनी पिन पुन्हा वापरत नाहीत. ते त्याला ठाऊक होतं.

मला हायसं वाटलं. परीक्षा झाली, मुलगा पास झाला. दोघं विमानात बसले, इंजिन सुरू झालं आणि विमान रनवेच्या दिशेने निघून गेलं. मी चहा प्यायला वळलो. चहा संपायच्या आत विमान हँगरच्या दारात परत उभं होतं.

हॅरिस उतरला तो वैतागलेला. "याला शंका आहे."

"कसली?"

"मॅग्नेटोची," याकोब म्हणाला.

हे वाचकांना सांगायला हवं. अशा इंजिनात ठिणगी पाडायला दोन मॅग्नेटो असतात, डावा आणि उजवा. एक गेला तरी दुसऱ्यावर इंजिन चालतं, फक्त जोर थोडा कमी होतो. उडण्यापूर्वी पायलट एकेक बंद करून दोन्ही नीट आहेत ना, ते तपासतो.

"आत्ता तपासलंस ना? काय झालं?" मी विचारलं.

"आत्ता दोन्ही चांगले आहेत."

"मग?"

"परवा दुपारी इथे उतरलो तेव्हा इंजिन बंद करायच्या आधी मी डाव्यावर चालवून बघितलं. एक क्षण अडखळलं. काल सकाळी बघितलं, ठीक. आज सकाळी बघितलं, ठीक. थंड असतं तेव्हा ठीक असतं, साहेब. मला ते गरम असताना बघायचंय."

हॅरिसचं म्हणणं वेगळं होतं. उन्हात जमिनीवर इंजिन संथ चालवलं की प्लगवर काजळी धरते आणि इंजिन अडखळतं. वर गेलं की काजळी जळून जाते. हे रोजचं आहे. मलाही तेच पटलं, आणि मी तसं बोललोही.

"असेल," याकोब म्हणाला. "पण खात्री नाही. मागे टाकी भरलेली आहे, वजन जास्त आहे, खाली समुद्र आहे. मी जाणार नाही."

"तुझी परीक्षा झाली आहे, याकोब," हॅरिस म्हणाला. "पिन तुला सापडली. मी दुसरं काही केलेलं नाही. शपथेवर सांगतो."

"तुम्ही केलेलं मला सापडलं, सर. हे तुमचं नाही."

हॅरिसने टोपी काढून घाम पुसला.

"आज गेलो नाही तर परवानगी संपेल," तो शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजात आता मास्तर नव्हता. "तुझी आई मुंबईत आहे."

"माहीत आहे मला."

एवढ्यात आमचे हँगर मॅनेजर युसूफसाहेब आले. ते बहारीनीच, पण आम्हा भारतीयांशी हिंदीत बोलत. "सामंत, ये जहाज जानेवाला था ना? दोपहर को दूसरा आ रहा है. मेरे पास जगह मफी." मफी म्हणजे तिकडच्या अरबीत 'नाही'.

"बाहर धूप में रखेंगे, साहब," मी म्हणालो. "वैसे भी गरम ही करना है."

त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं आणि निघून गेले.

विमान आम्ही उन्हात उभं केलं. डोक्यावर सूर्य आला. पाना हातात धरवत नव्हता, फडक्यात गुंडाळून धरावा लागत होता. याकोबने इंजिन सुरू केलं आणि बराच वेळ चालू ठेवलं. काजळी धरली असेल तर जळून जावी म्हणून मध्ये जोरातही चालवलं. हॅरिस त्याच्या शेजारी बसला होता. मी विमानाच्या पुढच्या पंख्यापासून दूर, बाजूला उभा होतो.

मग याकोबने उजवा मॅग्नेटो बंद केला. इंजिन एकट्या डाव्यावर आलं. आवाज क्षणभर सरळ राहिला, मग खोकल्यासारखा झाला, आणि पंखा चक्क थांबायला लागला. त्याने पटकन दोन्ही चालू केले. इंजिन पुन्हा गुरगुरू लागलं, जणू काही झालंच नव्हतं.

हॅरिसने स्वतः तेच करून बघितलं. तेच झालं.

डावा मॅग्नेटो खोलायचं काम याकोबनेच केलं. आतल्या कॉइलच्या आवरणाला तडा गेला होता. थंड असताना तडा मिटलेला असतो आणि काम चालतं. तापला की उघडतो, आणि ठिणगी भलतीकडेच जाते. एवढ्यावर काम थांबलं असतं. पण मॅग्नेटो दोन्ही एकाच वर्कशॉपमधून एकाच वेळी तयार होऊन आले होते. म्हणून मी म्हणालो, उजवाही बघू.

उजव्याच्या कॉइललाही तडा होता. बारीक, अजून पूर्ण न गेलेला, पण त्याच जागी.

आम्ही तिघं बाकावर ठेवलेल्या त्या दोन कॉइल्सकडे बघत राहिलो. समुद्रावर डावा गेला असता तर सगळा भार या उजव्यावर आला असता. तो तरी किती टिकला असता?

"मी नेणार होतो हे विमान," थोड्या वेळाने हॅरिस म्हणाला. मग याकोबला म्हणाला, "तू नाही म्हणालास, ते मला म्हणालास. आजवर कोणी म्हणालं नव्हतं."

याकोब फक्त हात पुसत होता. त्याचं लक्ष तिथे नव्हतंच. "साहेब, मुंबईला ट्रंक कॉल कुठून लागेल?" त्याने मला मराठीत विचारलं.

नवे मॅग्नेटो लंडनहून प्रवासी विमानाने मागवले. यायला आठवड्याहून जास्त लागला. तेवढ्यात परवानगी संपली, नवी यायला आणखी वेळ गेला. आईची रजा संपली आणि ती नगरला परत गेली. त्या दिवसांत याकोब रोज आमच्या हँगरमध्ये येई आणि माझ्या हाताखाली काम करी. मुलाला संध्याकाळी मराठी शिकवायचा प्रयत्नही त्याने केला. मुलगा मराठीत ऐकायचा आणि इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचा.

शेवटी एका पहाटे ते गेले. सुलभाने आईसाठी खजुराचा डबा दिला होता. तो पोचेल की नाही, याची आम्हाला खात्री नव्हती.

पुढच्या वर्षी हॅरिस दुसरं विमान आणि दुसरा शिकाऊ घेऊन बहारीनला आला. मी आधी आईचं विचारलं.

"मुंबईला उतरलो तेव्हा एअरपोर्टवर कोणी नव्हतं," तो म्हणाला. "परवानगीप्रमाणे दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. मी अधिकाऱ्यांना सांगितलं, माझं वय झालंय, मला दोन दिवस विश्रांती हवी. ते मला बघून लगेच हो म्हणाले. याकोबला सांगितलं, जा. तो रात्रभर बस नि काय काय पकडून नगरला गेला."

"भेट झाली?"

"दवाखान्यात झाली. ती ड्युटीवर होती. तिने त्याला वॉर्डाबाहेर बसवलं आणि पेशंटचं काम संपल्यावरच आली. काय बोलली ते त्याने मला सांगितलंय. म्हणाली, 'मी मुंबईला बसून रोज चिडत होते तुझ्यावर. आता नाही चिडत.' मग खजूर वॉर्डात वाटले."

याकोब तेव्हा न्यू गिनीच्या डोंगरांत उडत होता. पुढे कित्येक वर्षं उडला. एवढी वर्षं तिकडे उडायचं आणि धडधाकट राहायचं, ही साधी गोष्ट नाही, असं हॅरिस म्हणत असे.

मी त्यानंतर बरीच वर्षं मुहर्रकला काम केलं. हाताखाली नवीन मुलं आली की पहिल्याच आठवड्यात त्यांना मी एक गोष्ट सांगायचो. विमानात एक बिघाड सापडला की माणसाला फार बरं वाटतं, आणि तो शोधणं थांबवतो. त्या पहाटे आम्ही तिघं होतो. त्यातले दोघं थांबले होते, आणि लायसन्स त्या दोघांचीच जुनी होती.