डबलरोटीच्या गाडीतलं घर

माझ्या वडिलांनी निवृत्त झाल्यावर एक जुनी व्हॅन घेतली आणि तिच्यात राहायला जायचं ठरवलं. राहायला म्हणजे कायमचं. नागपूरच्या जरीपटक्यातल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडायच्या, भांडीकुंडी गाडीत भरायची आणि निघायचं. आज या गावी, उद्या त्या गावी, मन लागेल तिथे मुक्काम. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आज कुणी असं काही केलं तर लोक कौतुकानं बघायला येतील. तेव्हा आमच्या गल्लीनं त्यांना एकच प्रश्न विचारला, "डोस्कं फिरलं काय गा?"

मी त्यांची एकुलती एक मुलगी. सगळ्यात मोठ्या आवाजात तो प्रश्न मीच विचारला.

बाबा सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. तीस वर्षं त्यांनी साहेबांना आणि साहेबांच्या पाहुण्यांना फिरवलं. पचमढी, चिखलदरा, भेडाघाट, सगळीकडे ते जाऊन आले होते. पण गाडी सोडून जायची सोय नव्हती. पाहुणे धबधबा बघायला उतरायचे आणि बाबा स्टिअरिंगपाशी बसून राहायचे. "भेडाघाटचा कडुनिंब लय मोठा आहे," असं ते आम्हाला सांगायचे, कारण गाडी त्याच्याखाली उभी असायची. आई हसून हसून बेजार व्हायची. "रिटायर झाले का मले घेऊन चला," ती म्हणायची, "मी तुमाले धबधबा दाखवतो." बाबांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना ती साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. धबधबा दोघांनीही पाहिला नाही.

गाडी आमच्याच बाजारातल्या एका बेकरीची होती. घरोघरी डबलरोटी पोचवून पोचवून ती म्हातारी झाली होती आणि बेकरीच्या मागे चाकं जमिनीत रुतवून उभी होती. बाबांनी ती ढकलत आमच्या अंगणात आणली, इंजिन उघडून त्याचे भाग घमेल्यात रॉकेलमध्ये भिजत घातले आणि चार महिने हातांना काळं फासून घेतलं. आतले पावाचे कप्पे त्यांनी काढून टाकले. सोड्यानं धुतलं, चुना मारला, पण पावाचा वास काही गेला नाही. दार उघडलं की अजून कुणीतरी आत गरम डबलरोटी ठेवलीय असं वाटायचं आणि हटकून भूक लागायची.

मी तेव्हा नागपुरातच प्रताप नगरात सासरी होते. लग्नाला वर्ष झालं होतं आणि मला दिवस गेले होते. आठ-पंधरा दिवसांनी सासरचे पाठवत तेव्हा मी जरीपटक्यात यायची, आणि दर वेळी गाडीत काहीतरी नवीन झालेलं असायचं. भंगारातून आणलेला रेल्वेचा बर्थ एका बाजूला साखळ्यांनी टांगला होता. दुधाच्या मोठ्या कॅनला तोटी बसवून पाण्याची टाकी केली होती. स्टोव्ह खड्ड्यात हलू नये म्हणून फळीला गोल भोक पाडून तो त्यात बसवला होता. नागपूरचं ऊन पत्र्यातून डोक्यात जातं, म्हणून छताला आतून बारदान्याचे दोन थर लावले होते. मी नाक मुरडून बघायची. मनातून मला त्या गाडीचं अप्रूप वाटत होतं, पण ते कबूल करणारी मी नव्हे.

एके दिवशी त्यांनी मला आत बोलावलं. हातात पेन्सिल होती.

"इथं उभी राय. सरळ."

मी उभी राहिले. त्यांनी माझ्या कोपराच्या उंचीवर भिंतीला रेघ मारली. स्वयंपाकाचा ओटा तिथे येणार होता.

"बाबा, रांधणार तुमी. तुमी एवढे उंच, वाकून वाकून कंबर जाईन तुमची."

ते रेघ पुढे ओढत राहिले. माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मी आणि आई एकाच उंचीच्या होतो.

मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी भांडते. हा माझा जन्मजात स्वभाव आहे, त्याचा फायदा मला आजवर कधीच झालेला नाही. मी तिथेच सुरू झाले. या खोल्या सोडल्या तर मी पहिल्या बाळंतपणाला कुठे यायचं? दिवाळीला कुठे यायचं? सासरी कुणी म्हटलं, जा माहेरी, तर मी काय रस्त्यावर उभी राहून गाडीची वाट बघायची? आणि मग मी ते बोलले जे आजही माझ्या कानात आहे. म्हटलं, "आई गेली तवा अर्धं माहेर गेलं. उरलेलं अर्धं तुमी चाकावर घालून नेऊन राहिले."

बाबांनी पेन्सिल कानावर खोवली. रेघेकडे एकदा पाहिलं.

"बाळंतपण होऊ दे," ते म्हणाले. "मंग पाहू."

बाळंतपण झालं. ओटाही झाला. मग पहिली दिवाळी आली, दिवाळी टाकून कसं जाणार? मग मुलीचं जावळ, मग मुलाच्या वेळचे दिवस, मग त्याचं बाळंतपण. दर वेळी मी म्हणायची, "एवढं होऊ द्या," आणि बाबा म्हणायचे, "हाव, होऊ दे." गाडी अंगणात तयार उभी होती. पडदे लावलेले, गादी गुंडाळलेली, डब्यांवर डाळ-तांदूळ-साखर असं लिहिलेलं. दर रविवारी सकाळी ते तिला कळमन्याच्या धान्यबाजारापर्यंत फिरवून आणत. धान्याच्या गाड्यांच्या रांगेपाशी थांबून चहा पीत आणि परत येत. इंजिन बसू नये म्हणून, असं ते सांगत.

पाच-सहा वर्षं अशी गेली. आणि मी माहेरी किती राहिले? दोन्ही बाळंतपणं सोडली तर वर्षाकाठी आठ दिवससुद्धा नाही. माहेर आहे एवढंच मला पुरत होतं. जायचं कधी, ते नंतर बघता येत होतं.

मग एका थंडीत बाबा स्वतः प्रताप नगरात आले. मुलीच्या घरी ते सहसा यायचे नाहीत. आले तरी खुर्चीच्या टोकावर बसायचे आणि पाणीसुद्धा संकोचानं प्यायचे. त्या दिवशी मी चहा दिला आणि त्यांचा हात बाजूला ठेवलेल्या कपाला लागून चहा सांडला. सासूबाईंसमोर सांडला म्हणून मी त्यांच्यावर डाफरले. त्यांनी रुमालानं टेबल पुसलं.

"आता निघावं म्हणतो," ते म्हणाले. "होळी झाली का निघतो."

"या उन्हाळ्यात मी पोरं घेऊन महिनाभर येतो बाबा," मी म्हटलं. "पक्कं. मंग जा तुमाले जिथं जायचं तिथं."

"नक्की येशील ना वं?"

एवढ्या वर्षांत 'नक्की' हा शब्द त्यांनी कधी वापरला नव्हता. माझ्या ते ध्यानातही आलं नाही. "हाव बाबा, नक्की," म्हणून मी कप विसळायला आत गेले.

त्या उन्हाळ्यात नणंद माहेरपणाला आली. तीन मुलं, महिन्याभराचा मुक्काम, रोज आमरस, रोज पुरणाचं नाहीतर तळणाचं काहीतरी. लेक माहेरी आली की तिनं बसायचं आणि सुनेनं करायचं. अशा वेळी सुनेनं स्वतःच्या माहेरी जायचं नाव काढायचं नसतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी मी पक्कं धरून बसले होते. नणंद स्वभावानं चांगली होती. तिचे लाड करताना मला आनंदही होत होता, आणि आंब्याच्या कोयी चोखत बसलेल्या तिच्याकडे बघून हेवाही वाटत होता. मी नवऱ्याच्या हाती जरीपटक्याला निरोप पाठवला: आत्ता जमत नाही, पुढच्या महिन्यात येते.

नवरा परत आला तो हसत. "तुझे बाबा म्हणाले, काही हरकत नाही. घर काही पळून नाही राहिलं." मीही हसले. मग पुढचा महिना आला आणि शाळा उघडल्या.

कितीतरी दिवसांनी नवरा सहज बोलून गेला. तो निरोप द्यायला गेला त्या दिवशी खोल्यांना नवा चुना मारलेला होता, खिडक्यांना ऊन अडवायला खसच्या ताट्या बांधल्या होत्या आणि अंगणातल्या झाडाला मुलांसाठी झुला होता. मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलं? तो म्हणाला, तू विचारलं नाहीस.

पुढच्या वर्षी एका रविवारी बाबांनी गाडी कळमन्याच्या एका फाटकाच्या खांबावर घातली. कुणाला लागलं नाही. दिवा फुटला आणि पत्रा चेमटला. तीस वर्षांत ज्यांच्या गाडीला ओरखडा नव्हता त्यांनी उभ्या खांबाला धडक दिली, म्हणून आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नेलं म्हणजे कुठे न्यायचं ते त्यांनीच सांगितलं. डॉक्टर त्यांना ओळखत होते.

त्यांनी तपासून मला बाजूला घेतलं. "काचबिंदू आहे. समोरचं थोडंफार दिसतंय, बाजूचं गेलं. गेलेलं परत येत नाही. मागच्या वर्षीच्या थंडीतच मी यांना सांगितलं होतं. म्हटलं होतं, औषध घालत राहा, पण गाडी चालवायला फार तर वर्ष उरलंय. कुठे जायचं असेल, काही बघायचं असेल, तर आत्ताच बघून घ्या."

मागच्या वर्षीची थंडी म्हणजे होळीच्या आधी. म्हणजे त्यांनी चहा सांडला त्याच्या आधी.

परत येताना आम्ही दोघं सायकलरिक्षात बसलो होतो. बाबांनी हात मांडीवर नीट ठेवले होते, गाडीत साहेबांची वाट बघत बसताना ठेवायचे तसे.

"बाबा, तुमी मले सांगितलं काहून नाही?"

"काय सांगायचं होतं?"

"डोळ्याचं. मी तुमाले थांबवलं असतं काय?"

ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तू येतो म्हणाली होती ना वं."

त्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडता मला येतं.

रात्रभर मी डोळे उघडे ठेवून पडून राहिले आणि सकाळी मनाशी ठरवलं. आता काहीही होवो. घरात कामं असोत, कुणी येणार असो, कुणी तोंड वाकडं करो, मी महिनाभर बाबांकडे जाऊन राहणार. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात गहू निवडत बसल्या होत्या. मी पदर खोचला, पुढे होऊन उभी राहिले. सहा-सात वर्षं मनात साठवलेली सगळी उत्तरं तोंडाशी तयार होती. त्यांनी काही म्हटलं की एकेक काढणार होते.

"मी उद्यापासून महिनाभर बाबाकडे जाऊन राहतो," मी म्हटलं.

त्यांनी सुपातून वर पाहिलंसुद्धा नाही. एक खडा काढून बाजूला टाकला.

"जाय ना मंग," त्या म्हणाल्या. "बापाच्या घरी जायाले तुले मी कधी नाही म्हटलं काय?"

मी खोचलेला पदर सोडला. नव्हतं म्हटलं. त्या उन्हाळ्यातही नसतं म्हटलं. माझी सगळी जीभ मी बाबांपुढे चालवली होती, आणि इथे मी कधी विचारलंच नव्हतं.