हळू रे, हळू

आमच्या घाटकोपरच्या हॉस्पिटलात परदेशातून माणसाएवढी एक रबरी बाहुली आली होती. बंद पडलेलं हृदय छाती दाबून कसं चालवायचं, ते अॅम्ब्युलन्सवरच्या अटेंडंटना तिच्यावर शिकवायचं आणि मग परीक्षा घ्यायची, हे काम माझ्या गळ्यात पडलं. नवा डॉक्टर होतो. नाही म्हणायची सोय नव्हती.

शिकवणार काय, कपाळ! मेट्रन सतत बाहुलीच्या उशाशी. कुणी जरा जोर लावला की, "ए, हळू! मोडली तर तुझा बाप आणणार का दुसरी?" आतली स्प्रिंग एकदा अडकली तेव्हा माझीच हजेरी घेतली गेली. मग मीही म्हणू लागलो, हळू रे, हळू. हात जागेवर पडला, कोपर ताठ राहिलं, की पास. दाब किती पडतो ते बघणंच मी सोडलं.

एक मालवणी अटेंडंट होता, माझ्याहून वयाने मोठा. "डॉक्टरांनू, ही तर माझ्या सुनेपेक्षा नाजूक आसा!" म्हणून हसायचा. त्यालाही पास केलं.

पुढे एका दुपारी भांडुपच्या चाळीत त्याच्याबरोबर गेलो. रुग्ण आमच्या देखत कोसळला, नाडी लागेना. मी तोंडावर हवेची पिशवी धरली, तो छाती दाबू लागला. कणीक तिंबताना बायका याहून जोर लावतात.

"अरे, जोरात दाब!"

"बरगडी मोडात मां!"

"मोडू दे!"

त्याला ढकलून मीच दाबायला बसलो. उपयोग झाला नाही.

त्या माणसाची बायको दारात उभी होती. "ह्या भाऊंनी हळू दाबलं म्हणून आमचे हे गेले का हो?"

"नाही वहिनी. हार्टच फार खराब होतं."

अटेंडंट माझ्याकडे बघत राहिला. तुला मीच तसं शिकवलं, एवढं एक वाक्य गाडीत बोलायला काय झालं होतं मला? नाही बोललो.

वरिष्ठांशी मात्र भांडलो. बाहुली मोडली तर मोडू द्या, पण जोर लावू द्या. त्यांना पटलं म्हणे. त्यांचा तोडगा काय, तर सगळ्यांची परीक्षा पुन्हा घ्या, पण बाहुलीला हात न लावता, तोंडी!

घेतली मी. "छाती किती जोरात दाबायची?" "खूप जोरात, साहेब." पास. पास.

मग तो आला. "तोंडान काय सांगू, डॉक्टरांनू? करून दाखवतंय. कोणावर दाबू, तां सांगा."

"पास," मी मान खाली घालून म्हणालो. "पुढचा."