हरणानं खाल्लेली भाकरी

मित्रा, पत्रकं मी ढिगानं लिहिली. सावकाराला झोडलं, संस्थानिकाला झोडलं, देवळाची दारं अडवणाऱ्यांना तर नावं घेऊन झोडलं. एक ओळ तेवढी कधी लिहिली नाही. सभेत बोललो नाही, तुरुंगात जिवाभावाच्या सोबत्याजवळही नाही. ती आज लिहितो.

पण आधी तो दिवस ऐक. झकास दिवस होता — मीही त्याला नासवू शकलो नाही, इतका झकास!

बेचाळीसच्या आधीचा हिवाळा. कृष्णाकाठच्या आमच्या गावातल्या शाळेची सहल न्यायची टूम मीच काढली. पोरांनी पुस्तकातला मोर किती वर्षं बघायचा? गाड्या जुंपल्या आणि सांगलीकडच्या एका संस्थानी बागेत गेलो. मोर होते, हरणं होती, एक म्हातारं अस्वल होतं. गुरुजींनी पिंजऱ्यापुढं उभं राहून "अस्वल हा प्राणी" एवढंच म्हटलं, आणि अस्वलानं पाठ फिरवून निवांत ढुंगण खाजवलं. पोरं हसून लोळली. गुरुजींची टोपी पडली, तेही हसले.

मग जेवण. इथं माझी अक्कल चालली. एकच धोतर अंथरायचं, सगळ्यांच्या भाकऱ्या त्यात ओतायच्या, मिसळायच्या आणि न बघता हात घालायचा. कुणाची कुणाला आली, कळणारच नाही — जात तिथंच मेली! चिंचेखाली उभा राहून मी असा गरजलो.

खुळाच होतो. आपल्याकडं भाकरी कधी लपते का? कुणाची कड जाड, कुणाची बोटं उमटलेली. पोरं हात घालायच्या आधीच ओळखत होती, "ही गण्याच्या घरची, जळकी!" म्हणून एकमेकांना चिडवत होती.

गावकुसाबाहेरच्या वस्तीतून सहलीला आलेली एकच पोर — तारा. तिच्या फडक्यातली भाकरी जराशी तांबूस होती. मला वाटलं, पीठच तसलं. मी हात घातला, आणि नेमकी तीच आली.

का थांबला माझा हात? धर्म बुडेल म्हणून? धर्म मी केव्हाच बुडवला होता. घरचे रागावतील म्हणून? घरचं तिथं होतं कोण? नाही — मला किळस आली. दुसरा बरा शब्द शोधून पाहिला. नाही सापडला.

तोंड हलवत, चावल्यासारखं करत मी उठलो, हरणांच्या कुंपणाशी गेलो आणि ती भाकरी एका हरणीला चारली. सगळी. परत येऊन आईच्या हातची ओळखून घेतली, खाल्ली. पण ती हरणी मला सोडीना! मी जाईन तिकडं कुंपणाच्या कडेनं पळायची, जाळीतून हात चाटायची. पोरांना चेव आला. "दादा, हरणी लागली की वं मागं! घरला न्या आता, वहिनी म्हनून!"

त्या गलक्यात तारा धावत आली. "दादा, आमची भाकर तुमास्नीच आली न्हवं? कशी लागली वं?"

"आमच्या आईच्या भाकरीसारखीच! जरासुद्धा फरक नाही." पत्रकातलं वाक्य — कसं तयार होतं बघ जिभेवर.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग हरणीकडं. मग खुदकन हसली आणि पोरींच्या फुगडीत शिरली. जमलं, असं मला वाटलं. 'एका धोतरावर गाव जेवलं' — हे पत्रक माझंच.

पुढं भूमिगत असताना मी उसात लपलो होतो. ताराची आई गवताच्या भाऱ्यात भाकरी दडवून घेऊन आली. "खावा दादा. तारीनं तवाच सांगितलंय मला. दादाला आपली भाकर लय आवडली, पार संपवली म्हनली."

घास घेतला. गोड. मिट्ट गोड!

"गुळाच्या पान्यात मळती न्हवं मी," ती म्हणाली. "तुमच्याच गुऱ्हाळातला गूळ हाय."

जरासुद्धा फरक नाही! म्हणजे कुंपणापाशीच पोरीला सगळं कळलं होतं. आणि घरी जाऊन तिनं आईला काय सांगितलं!

तारा आता शाळेत शिकवते. या हिवाळ्यात तिनं पोरं बागेत नेली, आईला नेलं, मलाही ओढलं. चिंचेखाली तांबूस भाकरी माझ्या हातावर ठेवून हळूच म्हणाली, "खाताय, का हरणाला घालताय?" आणि तशीच खुदकन हसली. मी खाल्ली.

पलीकडं तिची आई पोरांना ऐटीत सांगत होती, "ह्या दादानं गावात सगळ्यांच्या आदी माजी भाकर खाल्ली बरं का!" पोरांनी टाळ्या पिटल्या. म्हातारीचा चेहरा नुसता फुलला होता. तारानं मान खाली घातली. मी टाळ्या घेतल्या.

ती भाकरी मी खाल्ली नव्हती.