चौकोनातली मोडी

प्रेसमधल्या पडद्यावर काल पानभर रिकामे चौकोन पाहिले. आमच्या गुरुजींनी मोडी लिपीचं छोटं पुस्तक केलंय. त्यातली अक्षरं माझ्या घरच्या संगणकावर सुखाने नांदत होती. पेनड्राइव्हमधून प्रेसपर्यंत येईतो सगळ्या अक्षरांची डोकी उडून नुसते चौकोन उरले. मला असा संताप आला की छताचा पंखा क्षणभर उलटा फिरला.

"फाँट नसला की होतं असं," प्रेसच्या ताई म्हणाल्या. "चौकोन काढून टाकू का? पान मोकळं दिसेल."

मोकळं! अहो, या यंत्रातल्या इमोजींत गॉगल लावलेला सूर्य आहे, दात काढणारी सतराशे तोंडं आहेत, डोळे असलेला शेणाचा पोसुद्धा आहे! आणि ज्या अक्षरांनी राज्यांचे खलिते धावले, त्यांच्या नशिबी रिकामी खोकी? वर ती खोकीही उचलून फेकायची?

गुरुजी शेजारीच होते. त्यांचा एक डोळा गेलाय, दुसरा जायच्या बेतात आहे. त्याआधी छापलेलं पुस्तक एकदा बघायचं, एवढाच त्यांचा हट्ट.

"काही काढू नका हो, ताई," म्हणत त्यांनी पडद्याला नाक लावलं आणि पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं. "यात अ बसलाय. शेजारी आ. त्याच्यामागे इ."

घरून फाँट आणायला मी तणतणत उठलो. दारापर्यंत पोचलो, तर मागून ताईंचा आवाज आला, "आणि गुरुजी, या कोपऱ्यातल्यात कोण आहे?"